फोन १२०चा, तरी ॲप का अटकते? हर्ट्झ आणि एफपीएसचा घोळ

बाजाराच्या दिवशी दुपारी काकाजी दुकानात आले आणि फोन काउंटरवर ठेवला. ठेवला म्हणजे जरा आपटलाच. "बाबू, एकशेवीसचा देल्ला म्हणते तू. हा तं माह्या जुन्यापेक्षाही अटकते!"

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात मोबाईलचं दुकान चालवायचं म्हणजे हे ऐकून घ्यावंच लागतं. पण या वेळी कान माझेच टोचायला हवे होते. फोन देताना "१२० हर्ट्झ आहे काकाजी, लोण्यासारखा चालते" असं मीच म्हटलं होतं. डब्यावर १२० छापलेलं होतं, तेही खरं. घोळ असा की १२० हा पडद्याचा आकडा आहे, आणि काकाजींना अटकताना दिसत होतं ते ॲप. दोन्हीची मोजणी सेकंदालाच होते, दोन्हीकडे ६०, ९०, १२० असेच आकडे असतात. त्यामुळे ग्राहक सोडा, आम्ही दुकानदारही एकाच्या जागी दुसरा ठोकून देतो.

हर्ट्झ, म्हणजे रिफ्रेश रेट: पडदा एका सेकंदात किती वेळा चित्र नव्याने उमटवतो. एफपीएस, म्हणजे फ्रेम रेट: ॲप एका सेकंदात किती नवी चित्रं (फ्रेमा) तयार करून देतं. पहिला फोनच्या काचेचा गुण, दुसरा प्रोसेसर आणि ॲप लिहिणाऱ्याच्या मेहनतीचा.

रोडग्याची, म्हणजे आरावर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांची, पंगत डोळ्यापुढे आणा. वाढपी परात घेऊन ठरल्या वेळाने फेरी मारतो, तो पडदा. मागे गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजतात ते आचारी, ते ॲप. वाढप्याने फेऱ्या दुप्पट केल्या म्हणून रोडगे दुप्पट भाजले जात नाहीत. परात भरलेली नसेल तरी तो फिरून येतो, फक्त पानात नवं काही पडत नाही, जुनंच असतं. पडद्याचं नेमकं तेच होतं: नवी फ्रेम वेळेत आली नाही, तर तो जुनीच पुन्हा दाखवतो. आपण बोटाने यादी वर ढकललेली असते आणि चित्र मात्र जागेवरच, म्हणून डोळ्याला झटका जाणवतो. आणि आचाऱ्याची परात फेरी निघून गेल्यावर क्षणभराने भरली, तरी ती पुढच्या फेरीलाच जाते. अर्धी फेरी नसते. २०१२ साली अँड्रॉइड ४.१ आलं तेव्हा गूगलने 'प्रोजेक्ट बटर' नावाखाली हाच कारभार सुधारला: सगळं चित्रकाम पडद्याच्या ठोक्याशी बांधलं आणि तिसरी परात आणली. एक परात पंगतीत, एक भरून तयार, एक भरली जातेय. त्याआधीचे अँड्रॉइड फोन ज्यांनी वापरले त्यांना फरक सांगायला नको.

आता वेळेचा हिशोब. ६० हर्ट्झच्या पडद्यावर दोन फेऱ्यांमध्ये १६.७ मिलिसेकंद मिळतात, ९०वर ११.१ आणि १२०वर ८.३. म्हणजे पडदा जितका 'चांगला', ॲपला तितका कमी वेळ. स्वस्त फोनांत अलीकडे नेमकं हेच दिसतं: पडदा १२०चा, प्रोसेसर मात्र बेताचा. डब्यावर पडद्याचा आकडा मोठा छापता येतो, प्रोसेसरचं नाव कोण वाचतो?

उलटही होतं, आणि त्यात दोष कोणाचाच नसतो. गेम ६०वर बांधलेला असेल तर १२०च्या पडद्यावर प्रत्येक चित्र दोनदा दिसतं, बस. पोरं येऊन "भाऊ, गेममध्ये एकशेवीस दिसत नाही" म्हणतात, तेव्हा आधी गेमची सेटिंग पाहावी.

दोन्ही आकड्यांचा मेळ कसा बसतो यावर बरंच काही अवलंबून असतं, आणि हे सहसा कोणी सांगत नाही. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. ६०ला २४ने भाग जात नाही, म्हणून ६०च्या पडद्यावर एक चित्र दोन फेऱ्या थांबतं, पुढचं तीन, परत दोन, परत तीन. कॅमेरा सावकाश फिरतो त्या दृश्यात नजर असेल तर ही हलकी कचकच दिसते. १२०वर प्रत्येक चित्र बरोबर पाच फेऱ्या. तसंच ४० एफपीएसचं: ६०वर एक-दोन-एक-दोन असं लंगडतं, १२०वर तीन-तीन असं सरळ चालतं. डोळ्याला कमी चालतं, पण वाकडं चालत नाही.

म्हणूनच सरासरी एफपीएस हा फसवा आकडा. समजा ६०च्या पडद्यावर एका ॲपने सेकंदाला ५० चित्रं दिली. कागदावर छान. पण ती ५० धडाधड देऊन पुढच्या दहा फेऱ्या ते गप्प बसलं असेल, तर सेकंदाच्या सहाव्या भागाइतका वेळ पडदा थिजलेला असतो. दुसऱ्या ॲपने फक्त ३० दिली, पण एक फेरी आड नेमाने. वापरणारा माणूस दुसऱ्यालाच चांगलं म्हणेल. दोन ॲप किंवा दोन फोनांची तुलना करायची तर सरासरी बाजूला ठेवा, सर्वांत वाईट फ्रेमा किती आणि किती लांबल्या ते पाहा. गूगल स्वतः ७०० मिलिसेकंदांहून लांबलेल्या फ्रेमला 'गोठलेली' म्हणून वेगळं मोजतं.

बरं, मोजायचं कसं? यंत्र लागत नाही. सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. बहुतेक नव्या अँड्रॉइडमध्ये तिथे रिफ्रेश रेट दाखवण्याचं बटण असतं. ते लावलं की कोपऱ्यात आकडा येतो. हाच आकडा पाहून लोक "बघा, ॲप १२०वर चाललंय" म्हणत व्हिडिओ टाकतात. तो वाढप्याच्या फेऱ्यांचा आकडा आहे, रोडग्यांचा नाही.

रोडगे मोजायला त्याच यादीत 'प्रोफाइल एचडब्ल्यूयूआय रेंडरिंग' शोधा (जुन्या फोनांत एचडब्ल्यूयूआयच्या जागी जीपीयू लिहिलेलं असतं) आणि पडद्यावर बार दाखवायला सांगा. मग ॲप चालवताना तळाशी रंगीत उभ्या काड्यांची रांग येते. एक काडी म्हणजे एक फ्रेम. काडी जितकी उंच तितका तिला वेळ लागला. आडवी हिरवी रेघ १६.६७ मिलिसेकंदांची. काडी रेघेवर गेली, की ६०च्या पडद्याची फेरी चुकली. थेट ग्राफिक्सवर चालणाऱ्या गेमना या काड्या येत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा. साध्या ॲपांना येतात.

ज्याला डोळ्याचाच पुरावा हवा, त्याने दुसऱ्या फोनच्या स्लो मोशनचा आधार घ्यावा. मी दोन्ही फोन काउंटरवर शेजारी ठेवतो, दोन्हींवर तीच कॉन्टॅक्टची यादी उघडतो, दोन्ही अंगठ्यांनी एकदमच वर फेकतो आणि पोऱ्याला २४० फ्रेमांवर शूट करायला लावतो. मग तो व्हिडिओ संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडायचा. ई दाबत गेलं की एकेक फ्रेम पुढे सरकते. ६० एफपीएस नीट चालत असेल तर प्रत्येक चित्र चार फ्रेमा टिकतं, १२० असेल तर दोन. मध्येच एखादं चित्र आठ-दहा फ्रेमा हललंच नाही, तर तिथे ॲप अडखळलं. एवढीच काळजी घ्या की काही स्वस्त फोन २४०च्या नावाखाली मधल्या फ्रेमा स्वतःच रचून घालतात. अशा फोनने केलेली मोजणी म्हणजे मापातच पाप.

तुलना करताना दोन्हीकडे ॲपची आवृत्ती तीच, यादी तीच, बॅटरी सेव्हर बंद. पाच-सहा वेळा करून मधला आकडा धरा, सर्वांत चांगला नाही. शक्य असेल तर चाचणी विमान मोडवर घ्या. गोल चकरी फिरत राहते तो रेंजचा प्रश्न आहे. आमच्याकडे टॉवरपासून दोन नाले ओलांडले की तोच जास्त असतो, त्याचं खापर पडद्यावर फोडू नये.

आणि ऊन! यावर नागपूर-मुंबईची पोरं व्हिडिओत बोलत नाहीत, कारण ती एसीत बसून मोजतात. फोन तापला की तो स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग कमी करतो. आयफोनची कंपनी स्वतःच सांगते की फोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरा. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो, ३५ तर सकाळीच ओलांडलेले असतात, आणि माझ्या दुकानावर टिनाचं छप्पर आहे. अशा वेळी एफपीएस ढासळतात, पण पडद्याचा आकडा बऱ्याचदा १२०च राहतो. एक फोन सकाळी आणि दुसरा भर दुपारी तपासून "हा चांगला, तो वाईट" ठरवणं म्हणजे एकाला बैलजोडीने नांगरायला लावून दुसऱ्याच्या हाती फावडं देण्यासारखं झालं.

तर काकाजींचा फोन. त्यांचं अडणं होतं कापसाचे भाव दाखवणाऱ्या एका ॲपवर. यादी वर-खाली करताना ते कचकचायचं. काड्या लावल्या आणि मीच चकित झालो. हिरव्या रेघेच्या वर जवळजवळ एकही काडी नव्हती! सगळ्या अर्ध्या उंचीच्या वर आणि रेघेच्या खाली, म्हणजे दहा ते चौदा मिलिसेकंद. त्यांच्या जुन्या ६०च्या फोनवर हे सरळ बसत होतं, १६.७मध्ये प्रत्येक फ्रेम तयार. नव्या फोनने मागितलं ८.३मध्ये. मग आधीच भरून ठेवलेल्या परातीच्या जोरावर काही फ्रेमा मागच्या फ्रेमनंतर एका फेरीने पोहोचल्या, काही दोन फेऱ्यांनी, आणि चाल लंगडी झाली. फोन जुन्यापेक्षा मंद नव्हता. त्याचा वाढपी मात्र भाजणाऱ्याच्या मानाने फार घाईत होता.

डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन १२०चं ६० केलं. काकाजींनी यादी वर ढकलली, खाली ढकलली, परत वर. चेहरा सैल झाला.

"आता बरं चालते न?"

"चालते तं." त्यांनी फोन खिशात घातला, दोन पावलं टाकली आणि वळले. "मंग एकशेवीसचे पैसे कायचे घेतले रे बाबू?"

मी काचेचं गार्ड फुकट लावून दिलं.