आपत्कालीन दाराजवळची जागा आणि दृष्टीची अट

जळगावहून उडणाऱ्या एटीआर ७२ विमानात प्रवासी मागच्या दाराने चढतात आणि संकटकाळी बाहेर पडण्याची आणखी दोन दारे पुढच्या टोकाला, पहिल्या रांगेपाशी, दोन्ही बाजूंना असतात. त्या दारालगतची जागा अंध प्रवाशाला दिली जात नाही. हा निव्वळ भेदभाव आहे की त्यामागे काही शास्त्र आहे, हे ठरवण्यासाठी तिथे बसणाऱ्या माणसाला नेमके काय करावे लागते ते पाहिले पाहिजे.

४४ पेक्षा जास्त आसने असलेले विमान प्रमाणित करताना निम्मीच दारे वापरून, अंधारात, सर्व माणसे ९० सेकंदांत बाहेर काढता येतात हे सिद्ध करावे लागते. २००६ मध्ये हॅम्बुर्गला एअरबस ए३८० मधून ८७३ माणसे ७८ सेकंदांत बाहेर आली. मात्र ती चाचणी होती. २२ ऑगस्ट १९८५ रोजी मँचेस्टरच्या धावपट्टीवर बोइंग ७३७ विमानाला आग लागली, तेव्हा उजव्या पंखावरच्या दारापाशी बसलेल्या प्रवासिनीने घाईत खटका समजून आसनाचा हातच ओढला. शेजारणीने हात लांबवून खरा खटका ओढला, तर दाराची सुमारे २२ किलोची झडप आत, खिडकीशी बसलेल्या त्या पहिलीच्याच अंगावर कोसळली. रावेर-यावलकडे केळीचा भरला घड साधारण एवढ्याच वजनाचा असतो; पण तो उचलणाऱ्या मजुराला रोजची सवय असते, आणि तो बसून उचलत नाही. दार मोकळे होईपर्यंत विमान थांबून सुमारे ४५ सेकंद उलटली होती. त्या दुर्घटनेत ५५ जण दगावले, त्यांतील बहुतेक धुरामुळे. दोघींनाही दिसत होते, हे इथे विसरता कामा नये. खटका कुठे आहे हे हाताला आधीपासून ठाऊक असण्याचा प्रश्न डोळ्यांनी सुटला नाही.

अमेरिकेतील नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या संघटनेचा १९८० च्या दशकातील युक्तिवाद याच दिशेचा होता: अंधारात आणि धुरात डोळे निरुपयोगी ठरतात, तिथे हाताने वाट शोधणारा अंध माणूस अडत नाही. काही अंध प्रवाशांनी ही जागा सोडण्यास नकार दिला आणि अटकही पत्करली. भारनियमनाच्या काळात खान्देशातल्या ज्या घरात दृष्टी गेलेली आजी होती, तिथे हा युक्तिवाद समजावून सांगावा लागणार नाही: सगळे काडेपेटी चाचपडत असताना माजघरातून पाण्याचा तांब्या तीच घेऊन येई. १९८३ मध्ये सिनसिनाटीला उतरलेल्या एअर कॅनडाच्या विमानात धूर इतका दाट होता की वाचलेल्यांपैकी काहींना आसनांच्या पाठी चाचपतच दार गाठावे लागले. ४६ पैकी २३ जण वाचले नाहीत. पुढे विमानाच्या तळाशी वाट दाखवणारे दिवे आले, त्यामागे ही दुर्घटनाही होती.

तरीही अमेरिकेच्या १९९० च्या नियमात दृष्टीची अट आली, आणि माझ्या मते त्यातला एक भाग टाळता येण्यासारखा नाही. दार उघडण्याआधी बाहेर आग आहे का, हे खिडकीतून पाहावे लागते. मँचेस्टरला आग डाव्या बाजूला होती. त्या बाजूचे पंखावरचे दार उघडले असते, तर ज्वाळा थेट आत शिरल्या असत्या. विमानाच्या जाड, उष्णतारोधक भिंतीतून बाहेरची धग हाताला उशिरा कळते, आणि कर्मचाऱ्यांच्या हाताच्या खुणा तर डोळ्यांनीच टिपायच्या असतात. म्हणजे अट आहे ती वाट शोधण्यासाठी नव्हे, तर पहिल्या काही क्षणांतल्या एका निर्णयासाठी.

ही अट एका आसनापुरतीच आहे. तिच्या आडून अंध माणसाला एकट्याने प्रवास करू न देणे हा निव्वळ अडाणीपणा झाला. भारतातही केवळ अपंगत्वाच्या कारणावरून विमानात घेण्यास नकार देता येत नाही. अंध प्रवाशाला उड्डाणापूर्वी स्वतंत्र माहिती देण्याची पद्धत आहे, पण ती देताना पट्ट्याचे बक्कल आणि प्राणवायूचा मुखवटा एवढ्यावर थांबू नये. एटीआरमध्ये चौथ्या रांगेत बसलेल्या माणसाला पुढच्या दारापर्यंत किती पाठी हाताला लागतील, हे चढतानाच मोजू द्यावे.