परकीय गुंतवणूक: आलेला पैसा आणि शिकलेली माणसं

रॉबर्ट ल्यूकस या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९९० साली एक हिशेब मांडला. जिथे यंत्रं कमी आणि कामाला हात भरपूर, तिथे आणखी एक यंत्र बसवलं तर उत्पादन भराभर वाढायला हवं, असं पाठ्यपुस्तक सांगतं. ल्यूकस यांनी त्या सूत्रात भारत आणि अमेरिकेचे आकडे घातले. उत्तर आलं: भारतात गुंतवलेल्या भांडवलाला अमेरिकेच्या ५८ पट परतावा मिळायला हवा. तसं असतं तर अमेरिकेत नवा कारखाना काढायच्या भानगडीत कुणी पडलंच नसतं. प्रत्यक्षात पैसा काही असा धावत सुटला नाही. म्हणजे सूत्रात काहीतरी राहून गेलं होतं, आणि ल्यूकस यांचा पहिला संशय माणसांच्या कौशल्यावर होता. एकच यंत्र दोन देशांत सारखं उत्पादन देत नाही.

तरीही परकीय गुंतवणुकीची बातमी येते ती डॉलरचीच. हे डॉलर नेमके कसले, ते आधी पाहू. परदेशी गुंतवणूकदाराने एखाद्या कंपनीत किमान १० टक्के मतदान हक्क घेतला, की ती ‘थेट परकीय गुंतवणूक’ म्हणून मोजली जाते. त्यात नव्या जागेवर उभा राहिलेला कारखाना येतो, तशी चालू कंपनीची नुसती खरेदीही येते. खरेदीत मालक बदलतो, यंत्र एकही वाढत नाही. परदेशी कंपनीने इथेच कमावलेला आणि मायदेशी न नेलेला नफासुद्धा याच खात्यात जमा होतो. त्यामुळे ‘अमुक अब्ज आले’ हे वाक्य मला नेहमी अर्धवट वाटतं.

याउलट, आकडेवारीत जवळजवळ न दिसणारी एक घटना पाहा.

१९७० च्या दशकात श्रीमंत देशांनी कापड आणि कपड्यांच्या आयातीवर देशवार कोटा लावला होता. दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीला आपल्या देशाच्या कोट्याबाहेर शर्ट विकता येईनात. नव्याने स्वतंत्र झालेल्या बांगलादेशाची तयार कपड्यांची निर्यात जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे त्याच्यावर कोटाही नव्हता. नुरुल कादेर या माजी सनदी अधिकाऱ्याने चितगावात ‘देश गारमेंट्स’ काढली आणि देवूशी करार केला. देवूने भागभांडवल घातलं नाही. तिने शिकवायचं, यंत्रं निवडून द्यायची, माल विकून द्यायचा आणि बदल्यात स्वामित्वशुल्क व विक्रीवरचं कमिशन घ्यायचं, असं ठरलं. १९७९ मध्ये देश गारमेंट्सचे १३० कर्मचारी देवूच्या बुसानमधल्या कारखान्यात शिकायला गेले. कापड कापणं, शिवणं एवढंच शिक्षण नव्हतं; दर्जा कसा तपासायचा, शिलाईची रांग कशी लावायची, परदेशी गिऱ्हाइकाशी व्यवहार कसा करायचा, हेही त्यात होतं.

१९८० मध्ये कारखाना सुरू झाला. पहिल्या वर्षाची निर्यात जेमतेम ५५ हजार डॉलरची. पुढच्याच वर्षी देश गारमेंट्सने करार मोडला आणि स्वतःच्या पायावर धंदा चालवायला घेतला. मग त्या १३० जणांपैकी ११५ जण काही वर्षांत नोकरी सोडून गेले. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याच्या नव्या कारखान्यात गेलं. मालकाच्या दृष्टीने हे नुकसानच, पण बांगलादेशाच्या दृष्टीने पाहिलं तर एका कारखान्याचं ज्ञान अनेक कारखान्यांत पोचलं. आज बांगलादेशाच्या निर्यातीत तयार कपड्यांचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त आहे.

याचं सगळं श्रेय त्या प्रशिक्षणाला देणं मात्र बरोबर नाही. कापड बाहेरून आणायचं आणि त्यावर आयात शुल्क भरायचं, तर शर्ट परवडलाच नसता. निर्यातीसाठीचं कापड शुल्क न भरता सीमाशुल्क खात्याच्या देखरेखीखालच्या गोदामात ठेवण्याची मुभा सरकारने दिली. शिवाय परदेशी गिऱ्हाइकाच्या पतपत्राच्या (माल पाठवल्याची कागदपत्रं दिली की पैसे देण्याच्या बँकेच्या लेखी हमीच्या) आधारावर बँक कापड खरेदीसाठी दुसरं पतपत्र देऊ लागली. खिशात भांडवल नसलेल्या माणसालाही त्यामुळे धंदा काढता आला. ही पद्धतही देश गारमेंट्सने कोरियाच्या अनुभवावरूनच सरकारला पटवून दिली होती. कारकुनी कामातलं हे शहाणपण शिलाईच्या शिक्षणाइतकंच मोलाचं होतं, असं माझं मत आहे.

पण ज्ञान असं आपोआप पसरतं का? ब्रायन एटकेन आणि अ‍ॅन हॅरिसन या अर्थशास्त्रज्ञांनी व्हेनेझुएलातल्या हजारो कारखान्यांची माहिती तपासली. परदेशी भांडवल आलं त्या उद्योगातल्या देशी कारखान्यांची उत्पादकता उलट घटलेली दिसली. परदेशी कंपनीने गिऱ्हाईक ओढून नेलं, की देशी कारखान्याचा ठरावीक खर्च कमी मालावर विभागला जातो आणि प्रत्येक नग महाग पडतो. शिवाय प्रतिस्पर्ध्याला आपली विद्या कोण शिकवेल? बिएटा यावोर्चिक या अर्थतज्ज्ञ बाईंनी लिथुआनियात वेगळ्या ठिकाणी शोध घेतला: परदेशी कंपन्यांना माल पुरवणाऱ्या उद्योगांत. तिथे उत्पादकता वाढलेली सापडली, विशेषतः जिथे परदेशी कंपनीत देशी भागीदारही होता. पुरवठादाराचा सुटा भाग खराब निघाला तर नुकसान कंपनीचंच, म्हणून त्याला शिकवणं तिच्या फायद्याचं ठरतं.

देशात शिकलेले लोक किती, यावरही बरंच अवलंबून असतं. विकसनशील देशांच्या १९९८ सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात असं दिसलं, की माध्यमिक शिक्षणाची किमान पातळी गाठली असेल तरच परकीय गुंतवणूक देशी गुंतवणुकीपेक्षा वाढीला जास्त हातभार लावते. अशा अभ्यासांत एक पेच कायम राहतो: गुंतवणुकीमुळे देश वाढला, की वाढणारा देश पाहून गुंतवणूक आली? म्हणूनच कारखान्यांच्या पातळीवरची माहिती मला जास्त विश्वासार्ह वाटते.

वाढ मोजण्यातही फसगत होते. परदेशी कंपनीचं उत्पादन देशाच्या जीडीपीत धरलं जातं, पण तिचा नफा मालकाचा असतो. तो वजा करून उरतं ते राष्ट्रीय उत्पन्न. याचं टोकाचं उदाहरण श्रीमंत आयर्लंडचं आहे. काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपले पेटंटसारखे हक्क तिथे हलवले आणि २०१५ साली देशाचा जीडीपी २६ टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर झालं. आयरिश माणसाचं राहणीमान अर्थातच त्या वर्षी पाव पटीने सुधारलं नव्हतं.

थेट गुंतवणुकीचा एक गुण मात्र मान्य करायलाच हवा: ती रातोरात पळून जाऊ शकत नाही. इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, दक्षिण कोरिया आणि थायलंड या पाच देशांत १९९६ मध्ये सुमारे ९३ अब्ज डॉलर निव्वळ खासगी भांडवल आलं होतं. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात प्रवाह उलटला आणि सुमारे १२ अब्ज बाहेर गेले. पळाली ती मुख्यतः बँकांची कर्जं. थेट गुंतवणूक जवळपास होती तेवढीच राहिली.

अर्थात कारखानेही कधीतरी हलतात. इंटेलने १९९६ मध्ये चिप जुळणी आणि चाचणीच्या कारखान्यासाठी कोस्टारिकाची निवड केली. स्थानिक पुरवठादारांकडून तिने फारसं काही घेतलं नाही, पण तिथल्या तंत्रशिक्षण संस्थेत तिच्या गरजेनुसार नवे अभ्यासक्रम सुरू झाले. २०१४ मध्ये तिने जुळणीचं काम आशियात हलवायचं ठरवलं आणि सुमारे १५०० नोकऱ्या गेल्या. निर्यात मात्र कोसळली नाही, कारण तोवर वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या अनेक कंपन्या तिथे आल्या होत्या. आज त्या देशाच्या वस्तूंच्या निर्यातीत पहिला क्रमांक त्याच उपकरणांचा आहे. पुढे इंटेलने जुळणीचं काम तिथे पुन्हा सुरू केलं, आणि २०२५ मध्ये ते व्हिएतनाम आणि मलेशियात नेण्याचं जाहीर केलं. संशोधन आणि अभियांत्रिकीचा विभाग मात्र कोस्टारिकातच ठेवला.