ऐरोलीची होडी आणि फ्लेमिंगोंची खाडी

नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीतले फ्लेमिंगो पाहायला होड्या सुटतात. त्यांची वेळ रोज बदलते, कारण ती भरती-ओहोटीवर ठरते. पाणी फार उतरलं तर होडी गाळात रुतते; पूर्ण चढलं की चिखल बुडतो आणि पक्षी दुसरीकडे जातात. हे केंद्र २०१७ सालचं. पक्षीही या खाडीला तसे नवेच. त्यांचे मोठे थवे इथे दिसू लागले १९९०च्या दशकात, शिवडी-माहुलच्या बाजूला.

त्याआधी ही खाडी होती ती आगरी-कोळ्यांची. जाळी, निवट्या, चिंबोऱ्या, आणि भांडुप-मुलुंडकडे मिठागरं. १९६०च्या दशकात पूर्व तीरावर ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा उभा राहू लागला, १९७०मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आली, १९७३मध्ये वाशीचा पूल झाला. भराव पडत गेले, मुंबई आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांचं सांडपाणी खाडीत येऊ लागलं. ठाण्याजवळ ही खाडी उल्हास नदीला अगदी चिंचोळ्या वाटेने जोडलेली आहे. गाळ धुऊन नेईल असा जोर वरच्या पाण्याला नाही. त्यामुळे चिखलाचे पट्टे रुंदावत गेले आणि त्यांवर तिवरं, म्हणजे खारफुटीची कांदळवनं, पसरली.

छोटा रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो, चोच उलटी धरून पाण्यातून नीलहरित शेवाळ गाळून खातो. त्याचा गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर हे शेवाळ फोफावतं. पक्षी इथे का रमले, याचं हे एक मोठं कारण अभ्यासक मानतात. पण त्याच घाणीने कोळीवाड्यांची मासळी आटवली. फ्लेमिंगोंचं कौतुक करताना ही दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे, असं मला वाटतं.

तिवरं वाचली ती कोर्टामुळे. ऑक्टोबर २००५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर त्यांच्या तोडीवर बंदी घातली आणि भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकाम रोखलं. २०१२मध्ये वन विभागाचा कांदळवन कक्ष आला. ऑगस्ट २०१५मध्ये ऐरोली आणि वाशी पुलांदरम्यानचा सुमारे १,६९० हेक्टरचा पश्चिमेकडचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य झाला; मालवणनंतरचं हे राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य. २०२२मध्ये ठाणे खाडीला जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला.

एवढं संरक्षण मिळालं, तरी एक जागा त्यातून निसटते. भरतीला चिखल बुडाला की हे थवे नेरुळ-सीवूड्सच्या तळ्यांवर आणि भांडुपच्या पाणथळींवर येऊन उभे राहतात. ही तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. विश्रांतीची ही जागा गेली, तर खाडीत कितीही शेवाळ असून पक्ष्यांना उपयोग नाही. सीवूड्सच्या डीपीएस तळ्यात खाडीचं पाणी येण्याच्या वाटा बुजल्या, तळं सुकू लागलं आणि २०२४च्या उन्हाळ्यात त्या भागात फ्लेमिंगो मेले. तळं वाचावं म्हणून स्थानिक पक्षीप्रेमी आणि रहिवासी सतत पाठपुरावा करत राहिले. एप्रिल २०२५मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने सुमारे ३० एकरांचं हे तळं संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. ऐरोलीहून होडीत बसणाऱ्याने त्याच दिवशी भरतीच्या वेळी सीवूड्सलाही जावं. खाडीत न दिसलेले पक्षी तिथे एका पायावर उभे असतात.