ग्रीक भांड्यांवरचा काळा रंग, जो रंग नाहीच

अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात वरच्या मजल्यावर मातीच्या भांड्यांची दालनं आहेत. तिथं बहुतेकांची नजर चित्रांवर खिळते. हेराक्लिस सिंहाशी झुंजतोय, कुठं मेजवानी रंगलीय, कुठं रथ जुंपलाय. फलकावरचं नाव वाचायचं आणि पुढं सरकायचं. तीस-चाळीस कपाटं झाली की सगळी भांडी एकसारखी वाटायला लागतात. अशा वेळी चित्र जरा बाजूला ठेवावं आणि नुसत्या काळ्या भागाकडे बघावं.

त्या काळ्यात ना काजळी आहे, ना शाई, ना चिनी मातीच्या बरणीवर असतं तसं ग्लेझ. ज्या मातीचं भांडं घडवलं, त्याच मातीचा हा निवळलेला गाळ. माती भरपूर पाण्यात कालवून ठेवली की जाड कण तळाशी बसतात. वर तरंगत राहतात ते अतिसूक्ष्म कण, साधारण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे किंवा त्याहून बारीक. ते पाणी काढून घेऊन आटवायचं आणि दाट झालेला लेप कुंचल्यानं अर्धवट वाळलेल्या भांड्यावर लावायचा. भट्टीत जाण्याआधी लेप आणि अंग यांच्या रंगात फारसा फरक नसे. म्हणजे चित्रकार जवळजवळ मातीवर मातीनंच रंगवत होता, काळं काय होणार ते डोक्यात ठेवून.

खरी करामत भट्टीत होते. अ‍ॅटिकाच्या, म्हणजे अथेन्सभोवतालच्या प्रदेशाच्या, मातीत लोह भरपूर, आणि लोहाचा रंग हवेवर ठरतो. पहिल्या टप्प्यात हवा मोकळी ठेवून सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं. लोहाला पोटभर ऑक्सिजन मिळतो, त्याचं हेमटाइट होतं आणि अख्खं भांडं लाल होतं. दुसऱ्या टप्प्यात वरचं धुराडं झाकायचं आणि ओलं लाकूड सरकवायचं. तापमान ९००-९५०पर्यंत चढतं. कोंडलेल्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड लोहाकडचा ऑक्सिजन ओढून घेतो, मॅग्नेटाइट तयार होतं आणि सगळंच काळं पडतं. त्याच वेळी लेपातले बारीक कण वितळायला येऊन एकमेकांना चिकटतात आणि काचेसारखा घट्ट थर बनतो. अंगाची माती मात्र जाड कणांची, त्यात चुनाही जास्त, म्हणून ती सच्छिद्रच राहते. तिसऱ्या टप्प्यात भट्टी निवू लागली की धुराडं पुन्हा उघडायचं. हवा सच्छिद्र अंगात शिरते आणि ते परत लाल होतं. लेपाच्या आत ती शिरूच शकत नाही, म्हणून काळं काळंच राहतं.

एकाच भट्टीत, एकाच जाळात, दोन रंग. ही युक्ती पुढं विसरली गेली. १९४२ साली जर्मन रसायनतज्ज्ञ थिओडोर शुमान यांनी ती नीट उलगडून दाखवली.

कुंभाराजवळ तापमापक नव्हता. लेप लावलेले, भोक पाडलेले खापराचे तुकडे भट्टीत ठेवायचे आणि अधूनमधून आकडीनं एखादा ओढून काढून बघायचा, भाताचं शीत चेपून बघावं तसा. असे तुकडे अथेन्समध्ये सापडले आहेत.

हे कळल्यावर कपाटातल्या चुका दिसायला लागतात, आणि आमच्या मते त्याच जास्त बोलक्या असतात. काळ्याच्या कडेला तपकिरी-लालसर छटा असेल तर तिथं लेप पातळ बसला आणि तिसऱ्या टप्प्यात हवा आत घुसली, असं समजावं. पसरट पेल्याच्या आत मधोमध लालसर गोल दिसला, तर भट्टीत त्यावर दुसरं भांडं रचलं होतं. त्याच्या बुडाखाली धूर पोचलाच नाही. एक बाजू काळी आणि दुसरी लालसर असेल तर लालसर बाजू हवेच्या झोताकडे होती. अंग करडं वाटलं तर शेवटची हवा अपुरी पडली. पोटावरचा पोचा बहुधा भट्टीआधीचा असतो, ओली भांडी एकमेकांना टेकल्याचा.

तळाजवळही जरूर बघावं. लेप लावताना भांडं बुडाशी धरावं लागे, त्यामुळे तिथं कधी कधी बोटांएवढ्या कोऱ्या जागा राहिलेल्या असतात.

लाल आकृत्यांची शैली अथेन्समध्ये इसवी सनपूर्व ५३०-५२०च्या सुमाराला आली. आधी आकृत्या काळ्या भरून त्यावर टोकदार हत्यारानं रेषा कोरत. आता आकृती मातीच्या रंगाची ठेवून भोवतालचा भाग काळा भरू लागले. पार्श्वभूमी भरण्याआधी आकृतीच्या कडेनं सुमारे ३ मिलिमीटर रुंद पट्टा ओढून घेत. हा पट्टा समोरून दिसत नाही. मान वाकवून दिव्याचं प्रतिबिंब काळ्यावरून सरकवत न्यावं, म्हणजे त्याचा उंचवटा हाती लागतो. बारीक रेषाही तशाच उठून दिसतात, आणि कच्च्या आराखड्याचे चर कधी कधी अंतिम रेषेशी जुळत नाहीत, म्हणजे चित्रकाराचा बेत मध्येच बदलला होता. फ्लॅशनं यातलं काही दिसत नाही, उलट काचेवरची चमक तेवढी वाढते. तसंच काळं एकदम मंद, मेणचट आणि एकसारखं वाटलं तर तो भाग बहुधा नंतर दुरुस्तीत भरलेला असतो.

थडग्यात ठेवायच्या पांढऱ्या लेकिथोस या तेलाच्या बाटल्यांचं मात्र वेगळं आहे. त्यांच्यावरचे बरेच रंग भाजल्यानंतर लावलेले, म्हणून ते उडून गेले आणि उरल्या त्या रेषा. यातल्या काहींच्या आत छोटीच कुपी असते. बाहेरून बाटली मोठी, आत तेल थोडंसं. मयताच्या खर्चातली काटकसर!

अशीच हवेची खेळी आपल्याकडेही होती. विदर्भातल्या महापाषाणयुगीन दफनांत निघालेली काळी-तांबडी भांडी आतून आणि काठाला काळी, बाहेरून खाली तांबडी असतात. ती आव्यात उपडी ठेवून भाजली असावीत, असं मानलं जातं. तिथं काचेसारखा लेप नाही, म्हणून काळ्या-तांबड्याची सीमा ग्रीक भांड्यासारखी धारदार न येता एकमेकांत मिसळत जाते.