बेडकाची अंडी उचलण्याआधी: परवाना, कागदपत्रं आणि आराखडा

मृगाच्या पहिल्या सरींनंतर सड्यावरच्या, म्हणजे कोकणातल्या जांभ्या खडकाच्या पठारावरच्या, डबक्यांत बेडकाची अंडी दिसू लागतात. चार दिवस ऊन पडलं की डबकं आटतं आणि अंडी जागीच वाळतात. ते पाहवत नाही. तरीही ती घरी आणू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ‘प्राणी’ म्हणजे त्याची पिल्लं आणि अंडीही, आणि पकडणं हीसुद्धा शिकारच. अनुसूचीतल्या, म्हणजे या कायद्याच्या संरक्षित यादीतल्या, जातीची अंडी विनापरवाना उचलणं गुन्हा आहे.

कलम १२ खालचा परवाना शिक्षण, संशोधन किंवा वैज्ञानिक व्यवस्थापनासाठी मुख्य वन्यजीव रक्षक देतात. त्यांचं कार्यालय नागपूरला आहे. अनुसूची १ मधल्या जातीला केंद्राची, इतर जातींना राज्य सरकारची पूर्वपरवानगी लागते. कायद्याने कोणीही अर्ज करू शकतो, पण महाविद्यालय किंवा संशोधन संस्थेमार्फत केलेला बरा. फणसाडसारख्या अभयारण्यात जायचं तर कलम २८ ची परवानगी वेगळी. संवर्धनासाठी पैदास केंद्रच काढायचं असेल, तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते प्राणिसंग्रहालयाच्या व्याख्येत येतं आणि केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते.

संस्थेचं पत्र, ओळखपत्रं, अक्षांश-रेखांशासह नकाशा आणि आराखडा जोडा. फाइल बऱ्याच टेबलांवरून फिरते, म्हणून दिवाळीनंतर लगेच अर्ज द्या.

आराखड्यात जातीचं शास्त्रीय नाव, अंड्यांची संख्या आणि मुदत हवीच. ‘बेडूक, टाक्या १०’ असं मोघम लिहू नका. आंबोलीच्या झुडपी बेडकाच्या अंड्यातून थेट पिल्लू निघतं, मध्ये बेडूकमासा नसतोच. त्याला टाकी नको, ओला पालापाचोळा हवा. मलबारी उडत्या बेडकाचं फेसाचं घरटं मात्र पाण्यावर टांगूनच ठेवावं लागतं, कारण बेडूकमासे खाली पाण्यात पडतात.

बेडूकमाशांसाठी पावसाचं पाणी वापरा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन त्यांना मारतो. साधारण लिटरला एक, त्याहून दाटी नको. पांढरी पडलेली अंडी रोज काढा, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांवर जाते. पुढचे पाय फुटले की उतरता दगड ठेवाच. शेपूट आटत असताना पिल्लू कल्ल्यांवर जगत नाही, आधार नसला तर बुडतं.

सोडायची जागाही आराखड्यातच लिहा: जिथून उचलली तेच डबकं, दुसरं नाही. बेडकांच्या कातडीला रोग लावणारी कायट्रिड बुरशी ओल्या जाळीतून आणि बुटांतून पसरते, म्हणून प्रत्येक सड्यासाठी बादली-जाळी वेगळी ठेवा. टाकीत रोगाने पिल्लं मेली, तर त्या टाकीतलं एकही पिल्लू बाहेर सोडू नका आणि वनविभागाला लेखी कळवा.