बर्फाखालची पहिली दहा मिनिटं

हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस थंडीने मरतो, असं आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात थंडीला तेवढा वेळच मिळत नाही. बर्फाखाली शरीराचं तापमान तासाला साधारण ३ अंशांनी उतरतं आणि जीव त्याच्या कितीतरी आधी गुदमरून गेलेला असतो. काहीजण झाडाखडकांवर आपटून दगावतात, पण सर्वाधिक बळी जातात ते श्वास कोंडल्यामुळे.

स्वित्झर्लंडमध्ये गाडल्या गेलेल्या ४२२ स्कीअर्सच्या नोंदींचा अभ्यास १९९४ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आला. पंधरा मिनिटांपर्यंत जगण्याची शक्यता ९२ टक्के होती, पस्तिसाव्या मिनिटाला ती ३० टक्क्यांवर आली होती. १९८१ ते २०२० अशा चाळीस वर्षांच्या स्विस नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या, त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले आणि ती पंधरा मिनिटं दहावर आली. दहा मिनिटांच्या आत बाहेर काढलेल्यांपैकी ९१ टक्के वाचले, दहा ते तीस मिनिटांच्या दरम्यान हे प्रमाण ३१ टक्क्यांपर्यंत घसरलं.

गंमत अशी, की बर्फात हवा भरपूर असते. थांबलेल्या हिमस्खलनाच्या घट्ट ढिगातही निम्म्याच्या आसपास जागा हवेचीच. मग माणूस गुदमरतो का? एकतर नाकातोंडात बर्फ भरतो. तो भरला नाही, तरी उच्छ्वासाची ऊब आणि वाफ तोंडासमोरचा बर्फ वितळवते, तो पुन्हा गोठतो आणि हवा अडवणारा बर्फाचा पापुद्रा चेहऱ्याभोवती तयार होतो. आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो. अमेरिकेतल्या युटामध्ये डॉक्टरांनी स्वयंसेवकांना, अर्थात पूर्ण देखरेखीखाली, बर्फात पुरून हे तपासलं. उच्छ्वास नळीने पाठीमागे सोडला, तेव्हा ते सरासरी ५८ मिनिटं आत राहू शकले. नळी नसताना, तोंडासमोर अर्ध्या लिटरची पोकळी ठेवूनही, साधारण दहाच मिनिटं. श्वास घेतला बर्फातल्याच हवेतून, फरक पडला तो उच्छ्वास कुठे गेला याने.

म्हणून बर्फ थांबत आला की हात चेहऱ्यासमोर आणून पोकळी राखायची, असं शिकवतात. ते त्याच क्षणी करावं लागतं. वाहताना सैल असलेला बर्फ थांबताच आवळतो, आणि मग बोटही हलत नाही. आतून स्वतःला उकरून बाहेर येणं जवळपास अशक्य असतं.

एअरबॅगचं तत्त्व मला फार आवडतं. फरसाणाचा डबा हलवला की चुरा तळाला जातो आणि मोठे तुकडे वर येतात. वाहत्या बर्फातही तेच घडतं. पाठीवरची पिशवी फुगली की माणूस ‘मोठा तुकडा’ होतो आणि वर राहण्याची शक्यता वाढते. पण त्यासाठी पिशवीची दोरी ओढायला हवी, आणि खडकांपासून पिशवी वाचवेलच असं नाही.

दहा मिनिटांत बचाव पथक डोंगरावर पोचत नाही. त्यामुळे वाचवणार ते सोबतचेच. प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर, म्हणजे ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडणारं आणि पकडणारं छोटं रेडिओ यंत्र, हवा. गाडलेल्याचा चालू असतो, बाकीचे आपापले ‘शोध’ स्थितीत टाकतात. इथे एकाने जरी बटण फिरवलं नाही, तरी त्याचाच संदेश सगळ्यांना चकवत राहतो. जागा सापडली की प्रोबची लांब काठी उताराला काटकोनात खुपसत जायची. ती माणसाला लागली की तिथेच ठेवायची, आणि खणायचं मात्र काठीच्या खालच्या अंगाने, उतारावरून आत शिरत. थेट वरून खड्डा घेतला तर उपसलेला बर्फ टाकायला जागा उरत नाही आणि गाडलेल्याच्या चेहऱ्यासमोरची पोकळी ढासळू शकते. मीटरभर खोलीसाठीही टनभर बर्फ उपसावा लागतो, म्हणून धातूचं फावडं हवंच. आधी चेहरा, मग छाती मोकळी करायची, श्वास नसेल तर तिथेच तोंडाने द्यायचा.

सियाचिनमध्ये ३ फेब्रुवारी २०१६ रोजी गाडले गेलेले लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी, सुमारे पंचवीस फुटांखालून, जिवंत सापडले. ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांचं निधन झालं. ते तंबूत होते आणि त्यांच्याभोवती हवेची पोकळी राहिली होती. मोकळ्या उतारावरच्या स्कीअरला ती पोकळी मिळत नाही.

आपल्याकडून गुलमर्गला जाणारे पुष्कळ आहेत. तिथल्या अफरवतच्या उतारांवर १ फेब्रुवारी २०२३ रोजी पोलंडचे दोन स्कीअर्स हिमस्खलनात गेले. बहुतेक प्राणघातक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, खालच्या कच्च्या थरावर नवा बर्फ बसलेला असताना होतात, आणि तो थर मोडणारं वजन बहुतेक वेळा त्या माणसाचं किंवा त्याच्या सोबत्याचंच असतं. गोंडोलातून, म्हणजे तिथल्या रोपवेतून, उतरून आखलेली वाट सोडणार असाल, तर आधी डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा त्या दिवसाचा इशारा पाहा, गाइडकडे ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडं प्रत्येकासाठी मागा, आणि असा उतार एकेकानेच ओलांडा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवून.