बायणा: बंदराच्या आडोशाने वाढलेली वस्ती

गोव्यातील मुरगाव बंदर आणि त्याला जोडणारा लोहमार्ग १८८० च्या दशकातला असला, तरी वास्कोजवळच्या बायणा किनाऱ्यावरील दाटी प्रामुख्याने १९६१ च्या गोवा मुक्तीनंतरची, खनिज निर्यातीबरोबर वाढलेली आहे. बंदरावर आणि बांधकामांवर राबण्यासाठी उत्तर कर्नाटक व आंध्रातून आलेल्यांना काम मिळाले. राहण्याची सोय मात्र कोणी केली नाही. वाळूच्या कडेला पत्र्याच्या खोलीला खोली चिकटत गेली, दोघांनी अंग चोरून जावे एवढ्याच गल्ल्या उरल्या, पाण्याची पिंपे दाराबाहेर आली आणि एकाच खोलीत चूल, झोपणे व मुलांचा अभ्यास चालू लागला. १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत त्याच्या संमतीने राहणाऱ्यांच्या (मुंडकारांच्या) घरांना संरक्षण दिले. येथे भाटकारच नसल्याने ही घरे त्या चौकटीबाहेर राहिली.

बायण्याची ओळख पुढे वेश्यावस्तीपुरती उरली आणि २००४ च्या वादाचे मूळ तेथेच आहे. न्यायालयाच्या २००३ च्या निकालात वेश्याव्यवसाय थांबवण्याबरोबरच त्यातील स्त्रियांच्या सुटकेचा व पुनर्वसनाचाही विचार होता. प्रत्यक्षात १४ जून २००४ रोजी, म्हणजे ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, यंत्रे आली आणि पुनर्वसनाची व्यवस्था उभी राहण्याआधीच खोल्या पडल्या. बेकायदा बांधकाम हटवले, एवढेच प्रशासनाचे म्हणणे धरले तरी मुहूर्त आणि क्रम यांचे समर्थन त्यातून होत नाही. व्यवसायाच्या खोल्या व कुटुंबांची राहती घरे यांत फरक केला गेला नाही, हा आक्षेप तेव्हापासून कायम आहे; भिंतीला भिंत लागून असलेल्या वस्तीत तो फरक दारोदार जाऊनच कळला असता. हुसकावलेल्या स्त्रियांपैकी अनेकजणी इतरत्र पांगल्या आणि आरोग्यसेवेचे जुळलेले धागेही तुटले.

सप्टेंबर २०१७ मध्ये किनाऱ्यावरील आणखी घरे पाडली गेली, तेव्हा प्रश्नाला कन्नडिग विस्थापितांचे रूप आले आणि त्याचे पडसाद कर्नाटकात उमटले. दरम्यान खाजगी जमिनीतील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी २०१६ मध्ये कायदा झाला होता आणि बांधकाम त्याआधीचे असावे अशी २८ फेब्रुवारी २०१४ ही तारीख ठरली होती. २०२५ मध्ये हीच तारीख धरून सरकारी आणि कोमुनिदाद (गावसंस्थेच्या सामाईक मालकीच्या) जमिनींवरील घरांसाठी दुरुस्त्या संमत झाल्या. बायण्याला यातून काय मिळेल, हे तारखेपेक्षा जागेवर अवलंबून आहे. किनारा नियमन क्षेत्राला २०१६ च्या कायद्याने वगळले होते आणि समुद्राला लागून असलेली घरे त्याच क्षेत्रात मोडतात.